आधी स्प्रेहूड पाडा
यॉट पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) लावताना सुकाणूवरून पुढचं दिसत नाही म्हणून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, कॅमेरा बसवायचा तुमचा विचार दिसतोय. त्याआधी स्प्रेहूड, म्हणजे बसायच्या जागेपुढचं पाणी अडवणारं घडीचं कापडी छत, पाडून बघा. मिठाने धुरकटलेल्या त्याच्या प्लास्टिकच्या खिडकीतून, त्यात समोर मावळतं ऊन असलं तर, दिसणार काय कपाळ! सुकाणूची दोन चाकं असलेली यॉट असेल तर पाँटूनच्या बाजूचं चाक धरा. चाकाऐवजी टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) असेल तर सरळ बाकावर उभे राहा, टिलर पायांनी सांभाळता येतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या सोलेंट खाडीसारख्या भरती-ओहोटीच्या ओढीत पाँटूनवरचा खांब आणि त्यामागची एखादी डोलकाठी एका रेषेत धरून ठेवा. दोन्ही फाकायला लागले की बोट वाहतेय. दोर घेतलेल्या मंडळींना तुमच्या नजरेसमोरून बाजूला करा आणि अंतर हातानेच दाखवायला सांगा, इंजिनाच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही.