अ स्टडी इन स्कार्लेट: मधला युटाचा भाग गाळला तर चालेल का?

रानजाई:
डॉयलची ही शेरलॉक होम्स कादंबरी पहिल्यांदाच वाचतेय. पहिल्या भागाच्या शेवटी होम्स त्या घोडागाडीवाल्याला बेड्या ठोकतो आणि पान उलटलं की एकदम अमेरिकेतलं वाळवंट, 1847 साल, तहानेने मरायला टेकलेला माणूस आणि एक लहान मुलगी. होम्स नाही, गोष्ट सांगणारा त्याचा मित्र वॉटसन नाही. खुनी तर सापडला ना, मग थेट शेवटच्या दोन प्रकरणांवर गेले तर काही बिघडेल का? पुढचं सांगितलंत तरी चालेल.

निनाद७:
अजिबात गाळू नका!! खुनी सापडला पण खून का केला ते कुठे कळलंय अजून. ती लहान मुलगी म्हणजेच ल्युसी, मोठी झाल्यावर होपशी, म्हणजे त्या घोडागाडीवाल्याशी, तिचं लग्न ठरलेलं असतं पण तिला जबरदस्तीने मॉर्मन (अमेरिकेतला एक धार्मिक पंथ) असलेल्या ड्रेबरच्या गळ्यात बांधतात, तिला सांभाळणाऱ्या फेरिअरला ड्रेबरचा साथीदार स्टँगरसन गोळी घालतो, ती महिन्याभरात खंगून जाते आणि होप तिच्या प्रेताजवळ घुसून तिच्या बोटातली अंगठी काढून घेतो, ही अंगठी घालून तिला पुरू देणार नाही म्हणून. लंडनमध्ये ड्रेबरच्या प्रेताजवळ सापडते ती हीच. इतक्या वर्षांनी कुठलंच कोर्ट त्या दोघांना शिक्षा देणार नाही हे होपला माहीत असतं म्हणून तो दोन गोळ्या पुढे करतो, एक विषारी एक साधी, एक तू घे उरलेली मी खातो. युटा न वाचता हे नुसतं विचित्र वाटेल. आणि फेरिअरच्या घरात ल्युसीच्या लग्नासाठी दिलेल्या मुदतीतले रोज 29, 28 असे उरलेल्या दिवसांचे आकडे उमटतात ते तरी वाचाच.

अवलोकिता:
गाळू नये हे मान्य, पण हा भाग सांगतंय कोण? वॉटसन नाही, होपही नाही, मधूनच कुणीतरी सर्वज्ञ निवेदक येतो. होम्सच्याच द साइन ऑफ फोर (1890) मध्ये स्मॉल नावाचा गुन्हेगार 1857 च्या आग्र्याच्या किल्ल्यातली हकीकत होम्ससमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगतो, ते मला कितीतरी जास्त भिडतं.

जुनापुराणा:
एक लक्षात ठेवून वाचा. मॉर्मनांचा नेता ब्रिगहॅम यंग खरा, 1847 मध्ये मॉर्मन लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले ते खरं, बहुपत्नीत्वही खरं, चर्चने ते सोडल्याचं जाहीर केलं 1890 मध्ये. त्यांची डॅनाइट नावाची टोळीही 1838 मध्ये मिसुरीत होती. पण कादंबरीत त्यांची युटाभर जी गुप्त दहशत दाखवलीय ती त्या काळच्या भडक गोष्टींतून उचललेली आहे. पुस्तक आलं 1887 ला, डॉयल सॉल्ट लेक सिटीला गेले 1923 मध्ये. ल्युसीसाठी जीव तुटतोच, पण अख्ख्या समाजाला खलनायक करणं मला आजही खटकतं.

रानजाई:
अंगठीचं वाचून राहवलं नाही, परत मागे जाऊन वाळवंटापासून सुरू केलंय.