साक्षगंधातला कोला उरला, घरात कशाले वापरू?

खारपाणवाली, दर्यापूर तालुका:
नणंदेच्या साक्षगंधाले २ लिटरच्या कोल्याच्या बाटल्या आणल्या होत्या. पाहुण्यायनं मठ्ठ्यावरच हात मारला. आता ५ बाटल्या पडून हायेत, त्यातल्या २ फोडलेल्या, गॅस उडालेला. लेकरायले पाजावा तर १०० मिलीत १० ग्रॅमच्या वर साखर, बाटलीवरच लिहिलं हाय. सासूबाई म्हणतात, उकिरड्यावर ओत. पण पैसे मोजलेली वस्तू ओतवत नाही नं बापा.

आमचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारं. न्हाणीतली बादली चुना फासल्यावानी पांढरी, नळाची तोटी अर्धी बुजली. कोल्यानं हे निघते म्हणतात. कोणी करून पाह्यलं काय?

जुना फिटर, मोर्शी:
गॅस उडाला तरी चालते ताई. काम करते ते फॉस्फोरिक आम्ल, ते बाटलीतच राह्यते. माझ्या डवऱ्याचे दोन बोल्ट गंजून बसले होते, पान्ह्यानं हलेनात. फुटक्या गिलासात कोला घेऊन रातभर बुडवले, सकाळी फिरले. पण लगेच धुवा, पुसा अन् तेलाचं बोट लावा, नाही तर पुन्हा गंज. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरचा पांढरा थर कोल्यानं काढतात, मले नाही पटत. तिथं आधीच आम्ल, खायचा सोडा अन् पाणीच बरं.

धानवाला, गोंदिया:
आमच्या शेजारी छत्तीसगडात २००४ साली धानावर कोला फवारल्याच्या बातम्या आल्या होत्या. साखरेनं मुंग्या येतात अन् त्या अळ्या खातात, असं सांगत. म्याही एक पंप मारला. मुंग्या आल्या, खोडकिडा तसाच. पऱ्हाटीवर मारायच्या भानगडीत पडू नका.

मास्तरीणबाई:
देवघरात संगमरवर असेल तर थेंबही सांडू देऊ नका, चमक जाते. आणि संडासात ओतायचा असेल तर आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली नाही ना, ते बघा. आम्लाशी तिची गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो.

खारपाणवाली:
केलं. तोटीले कोल्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं, वरून पन्नी बांधली, बादलीत अर्धी बाटली ओतली. सकाळी तोटीवरचा थर नखानं निघाला, आत दातघासणीची जुनी ब्रश फिरवली, धार सरळ पडू लागली. बादलीचा तळ निघाला, काठाचा नाही. कोला काठापर्यंत गेलाच नव्हता, चूक माझी.

पण न्हाणीपासून चुलीपर्यंत मुंग्यायची रांग! दोन बादल्या पाणी ओतलं तेव्हा गेल्या. सासूबाईनं तेवढ्यात चिंचेचा कोळ घेतला अन् तांब्याचा गुंड लखलखीत करून माझ्या समोर ठेवला. बोलल्या काही नाही.

फिटरभाऊ, आमच्या डवऱ्याचा बोल्टही निघाला, धनी खूश. सीलबंद ३ बाटल्या दुकानदारानं वापस घेतल्या. पैसे नाही देल्ले, गूळ देल्ला.