मदत हवी आहे: अळंबीपासून वाढवलेला हात जिवंत ठेवायचाय, हिरव्या बुरशीचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीच्या हाताचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यात भाताचा पेंढा नि धिंगरी अळंबीचं स्पॉन (म्हणजे तिचं बियाणं) भरून हात वाढवतेय. मैत्रीण मायक्रोबायॉलॉजीला आहे, तिच्या लॅबमध्ये एक कोपरा मिळालाय. पेंढा रात्रभर भिजवला, 80 अंशाच्या पाण्यात तासभर ठेवला, निथळला, सगळं नीट केलं. बाराव्या दिवशी तळहात कापसासारखा पांढराशुभ्र झाला होता, आजीच्या बोटांची पेरंसुद्धा उमटली होती, मी अक्षरशः रडले. आणि परवा बघते तर अंगठ्याच्या बुडाशी हिरवा डाग, खवट खोबऱ्यासारखा वास. मैत्रीण म्हणते ही ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी आहे.

दुसरी अडचण सरांची. ते म्हणतात ओव्हनमध्ये भाजून घे, मेलेलं शिल्प टिकतं, जिवंत वस्तू गॅलरीत चालणार नाही. पण वाढणं हेच माझं काम आहे हो, भाजल्यावर उरतं ते नुसतं टरफल!

आणि जिवंत कला गॅलरीत आधीही मांडली गेलीय. पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात 2000 साली सिम्बायोटिका ही कलाकारांसाठीची प्रयोगशाळा सुरू झाली, शरीररचनेच्या विभागातच, कलाकार स्वतः लॅबमध्ये पेशी वाढवायला शिकायचे. तिथल्या ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झुर यांनी उंदराच्या नि माणसाच्या पेशींपासून 'व्हिक्टिमलेस लेदर' नावाचं इवलंसं जॅकेट वाढवलं. 2008 ला ते न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात होतं, तिथे ते इतकं वाढत सुटलं की पोषण बंद करून मारावं लागलं. त्यांच्या काही प्रदर्शनांत शेवटी प्रेक्षकांना जिवंत ऊतींना हात लावू द्यायचे, त्या स्पर्शातल्या जंतूंनीच त्या मरायच्या. हे वाचल्यापासून मला झोप नाही, कारण मलाही लोकांनी आजीचा हात हातात घ्यावा असंच वाटतंय.

तर विचारायचं हे की हा हात वाचेल का? आणि सरांना कसं पटवू? प्रदर्शनाला पाच आठवडे आहेत.

प्रतिसाद १:
ताई, आमचं धिंगरीचं छोटं युनिट आहे म्हणून सांगतो, हा हात लॅबमधून आजच बाहेर काढा, पिशवीत गुंडाळूनच, तिथे उघडू नका नाहीतर हिरवे बीजाणू सगळीकडे उडतील. खरी चूक प्लास्टरची वाटते, ते पाणी धरून ठेवतं. आतून पातळ प्लास्टिक लावा, स्पिरिटने पुसा. पेंढा मुठीत दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब पडला पाहिजे. भिजवायच्या पाण्यात थोडा चुना टाका, हिरव्या बुरशीला तो सोसत नाही. स्पॉन जरा सढळ हाताने घाला. वीस दिवसांत नवा हात तयार होईल, एकाऐवजी तीन भरा.

प्रतिसाद २:
सरांची काळजी अगदीच चुकीची नाही. छत्र्या फुटल्या की धिंगरी प्रचंड बीजाणू सोडते, बंद खोलीत लोकांना खोकला-दम्याचा त्रास होतो. छत्र्या फुटायच्या आधीच्या अवस्थेतच मांडा, काचपेटीत. आणि हे त्यांना आधीच लिहून द्या, भावना नंतर सांगा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे! चुना आणलाय, तीन साचे आज रात्री भरते. काचपेटीत ठेवते, शेवटच्या दिवशी तेवढी उघडेन. आधी आजी हात लावेल.