मदत हवी आहे : जुन्या वॅगन आरचे शॉकअप – एक बदलू, दोन की चारही?

नमस्कार मंडळी,

गाडी फेब्रुवारी २०११ ची वॅगन आर, ९९८ सीसी पेट्रोल, १,१८,००० किमी झालेली. पहिल्यापासून आमच्याकडेच. रोज पुण्यात धायरी ते भोसरी एमआयडीसी आणि परत, शिवाय महिन्यातून एकदा आईला घेऊन ताम्हिणी घाटामार्गे श्रीवर्धन. यंदा पंधरा वर्षं झाली म्हणून आरसी (गाडीची नोंदणी) पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. त्याची नुसती फीच ५,००० रुपये, तेव्हा गाडी एवढ्यात काढायची नाही हे घरात पक्कं आहे. "नवी घे" हा सल्ला कृपया नको, तो भावोजी दर रविवारी देतात.

आता दुखणं. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडीचं नाक दोन-तीनदा खालीवर डोलतं. ब्रेक लावला की पुढे वाकते. सत्तरच्या वेगात पुलाचा सांधा लागला तर मागचा भाग किंचित बाजूला सरकल्यासारखा वाटतो. पुढे डावीकडून लहान खड्ड्यात 'टक' आणि मोठ्यात 'धाड'. आई मागे बसते, तिच्या कमरेचं दुखणं जुनंच. गेल्या खेपेला निजामपूरच्या अलीकडे तिने उशी मागून घेतली आणि म्हणाली, "बैलगाडी बरी गं, निदान हळू तरी जाते."

रविवारी स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारून पाहिलं. पुढचा डावा शॉकअप वरून खालपर्यंत ओला, त्यावर धूळ बसून काळं मलम झालंय. उजवा कोरडा. मागचे दोन्हीही कोरडे, पण रबरी बुशना (बोल्टभोवतीच्या रबरी कड्यांना) भेगा. पुढच्या डाव्या टायरवरून तळवा फिरवला तर लाटा लागतात, पत्र्याच्या पन्हळीसारख्या. नोकरी मोजमापाची असल्यामुळे राहवलं नाही, सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावली. डाव्या-उजव्यात फरक फक्त ३ मिमी.

तीन ठिकाणी दाखवली, तीन उत्तरं मिळाली. घराजवळचे काका म्हणतात, "ताई, गळतोय तेवढाच टाकू, बाकीचे चालू आहेत." दुसऱ्या गॅरेजने चारही शॉकअप, चारही स्प्रिंगा, दोन्ही लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून धरणारे दांडे) असं ३१,००० चं एस्टिमेट हातात दिलं. तिसरा म्हणतो, जुनेच खोलून तेल-गॅस भरून देतो, जोडी १,२०० रुपये, तीन महिने गॅरंटी.

कोणाचं ऐकू? स्प्रिंगा खरंच बदलाव्या लागतात का? आणि मागचे हे काम मी स्वतः घरी करू शकेन का? जॅक, दोन स्टँड आणि पान्यांचा सेट आहे.

घाटवळण :
एकटा कधीच टाकू नका, एका अ‍ॅक्सलची, म्हणजे पुढची किंवा मागची, जोडी एकदमच बदलायची. एक नवा आणि एक दमलेला असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर एक बाजू सावरते, दुसरी डोलत राहते, आणि गाडी ओढ घेते. पावसात ताम्हिणी उतरताना हे नको. शॉकअप म्हणजे फक्त गादीचा प्रश्न नाही, चाक रस्त्याला चिकटून राहिलं तरच ब्रेकला अर्थ.

खुशालचेंडू :
मी भरलेले शॉकअप टाकले होते. पहिला महिना झकास. गणपतीत कोकणात जाऊन आलो आणि परत ये रे माझ्या मागल्या.

चौदाचा पाना :
वीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ताई, टेप लावलीत हे फार बरं केलंत, तुमचे दहा हजार तिथेच वाचले. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. स्प्रिंग बसली किंवा तुटली तर त्या बाजूची उंची कमी होते. तुमच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत आणि गाडी बसलेली दिसत नाही, तर स्प्रिंगांना हात लावू नका. फक्त खोलल्यावर खालच्या वेटोळ्याला तडा किंवा खोल गंज आहे का तेवढं पाहा.

शॉकअपचं काम त्या स्प्रिंगची उसळी आवरणं. आत दांड्याच्या टोकाला पिस्टन, त्याला बारीक भोकं आणि झडपा. तेल त्यातून रेटत जातं आणि उसळीचा जोर तेल तापण्यात जिरतो. सील गेलं की तेल बाहेर. पण कोरडा दिसतो म्हणजे चांगला असंही नाही, आतल्या झडपा झिजल्या तर बाहेर टिपूस दिसत नाही. बॉनेट दाबून हलवून बघायची जी परीक्षा सगळे सांगतात ती पार मेलेला शॉकअप ओळखायला ठीक. अर्धमेला त्यात पास होतो. टायरच्या लाटा जास्त खरं बोलतात. चाक रस्त्यावर टप्पे खात चाललंय, म्हणून रबर तुकड्या-तुकड्याने झिजतं.

भरून घेण्याबद्दल : नवं सील आणि नवं तेल घालता येतं, पण दांड्याचं घासलेलं क्रोम आणि जुन्या झडपा तशाच राहतात. खरवडलेला दांडा नवं सीलही खाणारच. १,२०० रुपये पाण्यात.

'टक'बद्दल आधीच सांगून ठेवतो. तो आवाज शॉकअपचाच असेल असं धरून चालू नका. लोअर आर्मचा बुश, त्याच्या चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंट, शॉकअपला वर गाडीशी जोडणारं माऊंटिंग, तिघेही संशयित. गाडी उभी असताना एकाला स्टिअरिंग वळवायला लावा आणि बॉनेट उघडून माऊंटिंगवर हात ठेवा. कटकट जाणवली किंवा स्प्रिंग अडखळून सुटली तर माऊंटिंगचं बेअरिंग गेलं. पुढचे शॉकअप उतरवतायत तर माऊंटिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचा रबरी बूट नवेच टाका. मजुरी तीच लागते, नंतर एकट्या माऊंटिंगसाठी सगळं परत खोलावं लागतं.

घरी करण्याचं म्हणाल तर मागचे हो, पुढचे नाही. पुढे शॉकअपवरच स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर नीट न लावता वरचा नट सोडला तर ती सुटून तोंड फोडते, मी एकाचा जबडा गेलेला पाहिलाय. तुमच्या गाडीला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे वर-खालचे बोल्ट काढले की तो हातात येतो. गाडी स्टँडवर, आणि अ‍ॅक्सलखाली जॅकचा आधार हवाच, कारण अ‍ॅक्सलला फार खाली लोंबू न देणारा तोच शॉकअप असतो. बोल्ट पंधरा वर्षांचे आहेत, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

कंपनीचे जेन्युइन घ्या किंवा गॅब्रिएलचे. त्यांचे कारखाने आपल्या चाकण-नाशकातच आहेत, माल कुठेही मिळतो. नाना पेठेत सुट्या भागांची दोन दुकानं फिरा, एमआरपीचा स्टिकर असलेला सीलबंद बॉक्स आणि पक्कं बिल घ्या. आणि बसवताना पोराने दांडा पकडीने धरला तर तिथल्या तिथे थांबवा. क्रोमला एक ओरखडा पडला की नवा शॉकअपही दिवाळीपर्यंत गळेल.

घाटवळण :
+१. पुढचे झाल्यावर चाकांची अलाइनमेंट विसरू नका.

धागाकर्ती :
दोन आठवड्यांनी अपडेट. सगळ्यांचे आभार, आणि पानाकाका, तुमचे विशेष.

सामान नाना पेठेतून आणलं आणि काम घराजवळच्या काकांकडेच केलं. जोडीच बदलायची म्हटल्यावर ते जरा कुरकुरले, पण कंप्रेसर त्यांच्याकडे चांगला होता. मी रजा टाकून शेजारी स्टूलावर बसले. डावा निघाल्यावर दांडा हाताने दाबून पाहिला, वायसर गेलेल्या सायकलच्या पंपासारखा सरकन आत गेला आणि तिथेच राहिला. मग तो कोरडा, 'चांगला' उजवा. सुरुवातीला जरा जोर लागला, मध्ये दोन बोटं अंतर नुसतं पोकळ, मग पुन्हा जोर. नवा दाबायला दोन्ही हात लागले आणि सोडल्यावर आपोआप हळूहळू वर आला. काका ते बघून म्हणाले, "बरं झालं, दोन्ही आणलेत." डाव्या माऊंटिंगच्या बेअरिंगमधून गंजाची पूड पडली. स्प्रिंगा ठणठणीत, त्याच परत बसवल्या.

मागचे मी आणि भावाने पार्किंगमध्ये केले. डावा वीस मिनिटांत. उजव्याचा खालचा बोल्ट मात्र दीड तास हलेना, शेवटी पान्यावर पाईप चढवून भावाने अंगाचा भार टाकला तेव्हा कुठे 'कर्रर' करून सुटला.

हिशोब : पुढची जोडी ४,४००, माऊंटिंग-बूट-स्टॉपर २,३००, मागची जोडी २,६००, मजुरी १,८००, अलाइनमेंट ४५०. एकूण ११,५५०.

डोलणं पूर्ण बंद. पहिले दोन दिवस गाडी कडक वाटली, नंतर सवय झाली. शनिवारी ताम्हिणीतून गेलो, आईने उशी मागितली नाही. घाटाच्या खराब पट्ट्यात "आज रस्ता केलाय वाटतं" म्हणाली. रस्ता तोच होता. लाटा पडलेला टायर मात्र घूं घूं करतोच आहे, तूर्त मागे टाकलाय.

आणि 'टक' राहिलाच, पानाकाका म्हणाले तसा. काकांनी पहार लावून हलवून दाखवलं, डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटलाय. ते म्हणतात, नुसता बुश प्रेसवर बदलून मिळेल. दुकानदार म्हणतो, बॉल जॉइंटही तेवढाच जुना, पूर्ण आर्म टाका. इथेच विचारू की नवा धागा काढू?