वजन पुढे की मागे?
गोल्फच्या ड्रायव्हरच्या (लांब फटक्याच्या काठीच्या) हेडमधलं बदलता येणारं वजन हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, नेलं की स्लाइस (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळणं) कमी होतो, हे म्हणणं पटलं. पण आमच्या मराठवाड्यात मला पुढचं-मागचं वजन जास्त उपयोगी पडतं. मागे जड ठेवलं की चेंडू उंच जातो, फटका मधोमध बसला नाही तरी हेड कमी फिरतं. एप्रिल-मेमध्ये जमीन तापून दगडासारखी होते, तेव्हा मी वजनाचा जड स्क्रू पुढे घेतो. फिरकी घटते, चेंडू खालून जातो आणि टप्पा पडल्यावर लांब पळतो. पावसाळ्यात पुन्हा मागे, कारण ओल्या काळ्या मातीत चेंडू पडतो तिथेच रुततो.

स्क्रू बसवताना रेंच ‘कट्’ वाजेपर्यंत आवळाच. आणि हे सगळं राउंडच्या आधी करा. मध्येच वजन बदलून त्याच ड्रायव्हरने फटका मारला, तर गोल्फच्या नियम ४.१ प्रमाणे थेट स्पर्धेतून बाद.