निवांत वाचताना कादंबरीला किती दिवस लागतात?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. वाचनालयातून शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणली आहे. बारा दिवस झाले, अजून कुंतीच्याच भागात आहे. रात्री ओटा आवरून बसते, तासाभरात जेमतेम वीस पानं होतात. शेजारच्या काकूंनी म्हणे चार दिवसांत संपवली होती.

२०१९ साली मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञांनी आधीचे अभ्यास एकत्र करून इंग्रजी ललित वाचनाचा वेग मिनिटाला साधारण २६० शब्द काढला. पण आपला 'घरासमोरच्या' हा एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात. मग तो आकडा मराठीला लावायचा कसा?

मला घाई करायचीच नाहीये. कर्ण, कुंती, दुर्योधन, प्रत्येक जण आपली बाजू स्वतः सांगतो. बोलणारा बदलला की मी दोन पानं मागे जाऊन पुन्हा वाचते, आणि तेच मला फार आवडतं. अडचण एवढीच की पुस्तक शनिवारी परत द्यायचंय आणि पुढे नंबर लागलेत.

तुमची तासाला किती पानं होतात? मोठी कादंबरी मधेच परत करावी लागली, तर धागा कसा टिकवता?