प्रतिसाद: रीवाची वीज असताना बवाना कशाला?

वर विचारलंय की रीवाचं ७५० मेगावॅट सौरकेंद्र दिल्ली मेट्रोलाही वीज देतं, मग दिल्लीतलं बवानाचं गॅसवर चालणारं वीजकेंद्र हवं कशाला? तर मेट्रोचा वाटा त्यातला २४ टक्के. बाकी आपल्या मध्य प्रदेशालाच मिळते. शिवाय उन्हाळ्यात दिल्लीची मागणी दुपारी तर चढतेच, पण रात्री अकरा-बाराला एसींमुळे पुन्हा चढते, तेव्हा सौर शून्य. आपल्या इंदूरसाठी जलूदला नर्मदेचं पाणी उचलणारे पंप दिवसा जास्त चालवून टाक्या भरून ठेवता येतात. एसीचं तसं नाही ना!

बवाना १,३७१ मेगावॅटचं, कंबाइंड सायकल, म्हणजे गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर बॉयलरमध्ये वाफ करून स्टीम टर्बाइनही चालवायची. पूर्ण भाराला ताशी पावणेतीन लाख घनमीटरच्या आसपास गॅस लागेल, म्हणजे घनमीटरमागे साधारण पाच युनिट. देशी गॅस अपुरा, म्हणून आयात एलएनजी, म्हणजे द्रवरूप करून आणलेला नैसर्गिक वायू. तो महागला की संच बंद ठेवणंच परवडतं.

तांत्रिक अडचण वेगळीच. गॅस टर्बाइनची क्षमता १५ अंश तापमानाला मोजतात. पुढे दर अंशाला अर्धा-पाऊण टक्का घटते, कारण गरम हवा विरळ. ४५ अंशांत १५-२० टक्के गेलेच! हवा आत घेताना पाण्याचा फवारा मारला तर मे महिन्यात बरंच परत मिळतं, जुलैच्या दमट हवेत जेमतेम. आणि थंड संच संध्याकाळी ऐनवेळी सुरू करता येत नाही: गॅस टर्बाइन अर्ध्या तासात चालू होते, पण बॉयलर आणि स्टीम टर्बाइन तापायला काही तास जातात. घाई केली तर जाड धातूला तडे. म्हणून दुपारीच कमी भारावर चालू ठेवावं लागतं, आणि तिथे युनिटमागे गॅस जास्त जळतो.